उजव्या बाजूचा पडदा

लॅपटॉप माझ्याच दुकानातला. बिजागरी तुटलेली,
तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
विंडोज टाकलं की धापा टाकायचा,
म्हणून लिनक्स घालून दिलं झिपरू आप्पाला.
म्हटलं, फुकट आहे आणि कुरकुर करत नाही.
अर्धं खरं होतं.

पारोळ्याचं वाचनालय, वरचा हॉल,
एप्रिलचे सहा वाजलेले, पंख्यातून अजून दुपारच येत होती.
प्रोजेक्टर अब्रारचा, लग्नाच्या शूटिंगवाला,
त्याच्या झाकणावर कुणाच्या तरी हळदीचं बोट.
भिंतीवर निळा चौकोन. नो सिग्नल.
"निळंच दखाय राह्यनं, भाऊ,"
पुढच्या खुर्चीतून कुणी, अगदी समजुतीनं.

केबल काढली, फुंकली, पुन्हा खोचली.
धुळ्याहून मागवलेला दीडशेचा कनेक्टर
हाताला चटका देऊन गप्प.
मग काळी खिडकी उघडली, पांढरी अक्षरं,
तशी पोरं सरकली जवळ: हा बँक फोडतो का?
एक्स-रॅन-डी-आर. एंटर.
एचडीएमआय-वन: कनेक्टेड.
म्हणजे याला माहीत होतं शेजारी कोण आहे ते,
फक्त कुणी ओळख करून दिली नव्हती.
मी लिहिलं, राइट-ऑफ. याच्या उजवीकडे तो.
भिंत उजळली, टाळ्या पडल्या,
मी जिन्यात गेलो घाम पुसायला.

आत आप्पा बोलत होता.
एकतीस वर्षं, बेचाळीस विहिरी,
टेपला खडू फासून सोडायचा, ओला झाला तिथं बोट धरायचं.
"ही बघा ब्याण्णवची रेघ. इथून ती खाली जाते."
परत येऊन पाहतो तर भिंतीवर
नुसता कुठल्या तरी परदेशी डोंगराचा फोटो.
आलेख लॅपटॉपवरच, आप्पाच्या चष्म्यापुढे.
दहा मिनिटं साठ माणसं त्या डोंगराकडे बघत होती,
खाली म्हटलं की माना खाली,
थोडी वर आली म्हटलं की कुणी तरी हुंकार देई.
ज्याची त्याला आपापली विहीर दिसत होती बहुतेक.

मलाच राहवलं नाही. पुन्हा काळी खिडकी,
सेम-अ‍ॅज. जे इथं, तेच तिथं.
रेघ भिंतीवर आली. लोक ओऽऽ म्हणाले.
आप्पा दचकून वळला, माउस निसटला,
आलेखाची खिडकी मिटली,
आणि मागे दुसरी एक उघडीच होती.

फाइलीचं नाव: कौतिक.
सकाळी चहा, अर्धा कप, साठ मिली.
गोळीबरोबर पन्नास.
दुपारी मागितलं, दिलं नाही.
डायलिसिसआधी वजन, नंतर वजन.
संध्याकाळी बर्फाचा एक खडा. हसली.
तारखा मार्चच्या सोळापर्यंत,
खाली रिकामे चौकोन, रांगेनं, आखलेले.

तिसऱ्या रांगेतल्या बाया वाचत राहिल्या.
ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना
शेजारणीच्या चेहऱ्यावरून कळलं.
आप्पाला खिडकी मिटवायचं सुचेना.
एवढंच म्हणाला माझ्याकडे न बघता,
"मघाचं होतं ना, ते कर. तो डोंगर."

बोटं चुकली, कमांड दोनदा लिहावी लागली.
राइट-ऑफ.
डोंगर परत आला, बर्फासकट.

मग आलेख उघडून त्याला दाखवलं
खिडकीची वरची पट्टी कशी धरायची,
आणि न सोडता उजवीकडे कसं ओढत न्यायचं,
काठ आला तरी थांबायचं नाही, पुढे जागा आहे.
तो ओढू लागला, कळशी वर घ्यावी तसा,
बेतानं. एकदा हात सुटला,
तेव्हा अर्धी रेघ त्याच्याकडे होती, अर्धी भिंतीवर,
मध्ये टेबल, केबल आणि चार फूट हवा.
पोरांनी श्वास धरला होता.

पूर्ण गेली.
लॅपटॉपवर उरलं ते एकट्या त्याला दिसत होतं.
त्यानं घसा खाकरला
आणि ब्याण्णवपासून पुन्हा सुरू केलं.